भोपळ्याचा बाप

थोरली जाऊ रोपवाटिकेत कामाला. हात चिखलात, जीभ विळ्यासारखी. तिच्या परसातला भोपळा इतका गोड, की फोड कच्चीच खावी. वर्षानुवर्षं निवडून निवडून ते वाण तिनं घडवलेलं.

धाकट्या जावेनं भिंतीपलीकडून त्यातलं एक फळ उचललं, बिया लावल्या आणि फळांच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मारलं. वर चारचौघांत म्हणाली, "आमच्या जाऊबाईंचं काय, त्या फक्त पाणी घालतात." सगळे हसले. थोरलीचा नवराही हसला. त्या दिवशी त्याला जेवण मिळालं, शब्द मिळाला नाही.

थोरली भांडली नाही. भांडण चार दिवसांत विरतं. तिला टिकणारं काहीतरी हवं होतं.

पुढच्या हंगामात तिनं शोभेच्या भोपळ्याचं रोप आणलं. फळं चिमुकली, पट्टेदार, पण जहर कडू. आपल्या वेलावरच्या मादीकळ्या तिनं संध्याकाळीच दोऱ्यानं बांधल्या, म्हणजे मधमाशीची लुडबुड नको. सकाळी घरच्या बियाण्यासाठी त्याच वेलाचं नरफूल फिरवलं. भिंतीलगतच्या एका कळीला मात्र कडू वेलाचं नरफूल चोळलं आणि पुन्हा दोरा आवळला.

पुढचं काम फुलानं केलं. परागकणांना नळ्या फुटल्या, त्या आत बीजांडांपर्यंत उतरल्या, आणि तिथं आईबापांचं मिळून बी ठरलं. गर सगळा आईचाच असतो. बाप लपतो बीमध्ये.

म्हणून भिंतीलगतचं ते फळ नेहमीसारखंच गोड झालं. अपेक्षेप्रमाणे एके दुपारी ते गायब झालं. धाकटीनं ते मिटक्या मारत खाल्लं आणि बिया जपून ठेवल्या.

वर्षानं तिच्या वेलाला पट्टेदार फळं आली. बाई हरखली. नवीन वाण काढलं म्हणून गल्लीभर मिरवली आणि स्वतःच्या नावाची पाटी लावून फळं न चाखताच प्रदर्शनात मांडली.

परीक्षकांनी फोड तोंडात घातली आणि तशीच रुमालात थुंकली. धाकटीला खरं वाटेना. तिनं स्वतः चावून पाहिली. तोंड असं झालं की पाण्याचा तांब्या दुसऱ्यानं पुढे करावा लागला. मग ती तरातरा थोरलीसमोर आली.

"काय केलंत तुम्ही माझ्या भोपळ्याला?"

"तुझ्या?" थोरली म्हणाली. "अगं, मी काय करणार? मी फक्त पाणी घातलं."

थोरलीचा नवरा शेजारीच उभा होता. या वेळी तो हसला नाही. तेव्हापासून तिनं पुढे केलेली फोड तो आधी हुंगतो, मग खातो.