वन्संनी परत घेतलेला निकाल

माझ्या नणंदबाई वयानं माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या आणि नात्यानं धाकट्या. त्यामुळे त्या मला वहिनी म्हणतात, मी त्यांना वन्सं म्हणते, आणि कुणी कुणाचं ऐकायचं हे न ठरवताच आम्ही चौतीस वर्षं एका छपराखाली काढली. त्यांनी लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं की म्हणतात, "वेळ कुठे होता? कापत होते."

ते मात्र खरं. इस्पितळाच्या तळमजल्यावर त्यांची प्रयोगशाळा आहे. रुग्णाच्या अंगातून काढलेला गाठीचा तुकडा मेणात बसवायचा, तो ठोकळा बर्फावर गार करायचा आणि त्याचे काप काढायचे, हे त्यांचं काम. काप किती पातळ? कांद्याचा पापुद्रा त्यापुढे गोधडी. तो कोमट पाण्यावर तरंगवायचा, सुरकुती न पडू देता काचेच्या पट्टीवर उचलायचा, मग रंगवायचा. तिथले लोक त्यांना पापुद्रेबाई म्हणतात. ताप अंगावर काढून त्या कामाला जातील, पण सर्दी झाली की रजा. एक शिंक, आणि कुणाचं तरी निदान उडून जायचं.

त्यांचा एक नियम होता. पट्टीवर दिसलेलं घरी बोलायचं नाही. "मी रंगवते. वाचायचं काम डॉक्टरांचं." सासूबाईंची गाठ त्यांच्याच टेबलावर आली तेव्हाही चार दिवस तोंडाला कुलूप. सासूबाई चिडून म्हणाल्या होत्या, "पोटची पोर आहेस की तिजोरी?"

हा नियम त्यांनी एकदाच मोडला. माझ्यासाठी.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, बाहत्तर वर्षांचा. उभा जन्म शाळेची बस चालवली. एका सकाळी त्यानं चहाचा कप टेबलाऐवजी हवेत ठेवला. डोक्यात गाठ निघाली. काढता येईल तेवढी डॉक्टरांनी काढली. उरलेल्या गाठीसाठी ते म्हणाले, या वयात, या प्रकृतीत दोन्ही उपचार झेपायचे नाहीत, एकच करू. एक तर घरी बसून गोळ्या, नाहीतर तीन आठवडे रोज येऊन किरणं. कुठलं लागू पडेल, ते एका तपासणीवर ठरेल.

दादाला गोळ्या हव्या होत्या. किरणं देताना तोंडावर जाळीचा मुखवटा चढवतात आणि टेबलाला जखडतात, हे त्याच्या कानावर आलं होतं. "चाळीस वर्षं पोरांना दटावत आलो, जागेवर बसा, हलू नका. आता मलाच दटावणार होय?"

ती तपासणी म्हणजे काय, ते वन्संनी मला भाजी निवडता निवडता सांगितलं.

"पेशीच्या आत तिच्या सगळ्या कारभाराचा मजकूर असतो, तो डीएनए. गोळीतलं औषध त्या मजकुरावर डाग पाडतं. मजकूर बिघडला की पेशी मरते. पण पेशीकडे दुरुस्ती करणारी एन्झाइमं असतात. त्यातलं एक तो डाग स्वतःच्या अंगावर ओढून घेतं. मजकूर पुन्हा स्वच्छ. एन्झाइम मात्र संपतं. एका डागाला एक."

"म्हणजे स्वतः जाऊन दुसऱ्याला वाचवतं?"

"हो."

"आणि हे वाईट?"

"निरोगी पेशीत चांगलंच. पण गाठीच्या पेशींत ते भरपूर असलं, तर औषध डाग पाडत बसणार आणि हे पुसत बसणार. गोळ्या वाया. असलं तर पट्टीवर तपकिरी रंग येतो, नसलं तर निळा." मग देठ बाजूला टाकत म्हणाल्या, "तेवढी कोवळी पानं ठेव, फेकतेस काय?"

संध्याकाळी देवापुढे बसले, पण मागायचं काय तेच कळेना. जन्मभर 'सांभाळ, सावर, राख' एवढंच मागत आले. आता दादाच्या अंगात जे कुणी मुकाट्यानं दुसऱ्याचं दुखणं अंगावर घेतंय, ते तिथे नसू दे, असं मागायचं? ते घडवलं कुणी? त्यानंच ना? तरी मागितलं. बहिणीचं काळीज काही शहाणं नसतं. समईची वात पुढे सारली आणि उठले, त्याच्या डोळ्याला डोळा न देता.

बुधवारी सकाळी अकराला फोन वाजला. वन्सं कामावरून कधी फोन करत नाहीत.

"वहिनी, निळं आलं. सगळं निळं." त्यांचा आवाज मुलीसारखा झाला होता. "डॉक्टरांनी अजून बघितलेलं नाही. कुणाला बोलू नकोस."

माझ्या पोटात ते दहा मिनिटंही टिकलं नाही. दादाला फोन केला. तो तिकडे भावजयीला ओरडून सांगत असलेलं मला ऐकू आलं, "अगं, मुखवटा रद्द! न्हाव्याला बोलाव!"

तीन वाजता वन्सं दारात. ही त्यांची यायची वेळ नव्हे.

"पाणी नको. आधी बस. मी निकाल परत घ्यायला आलेय."

मी उभीच राहिले.

"गाठीच्या तुकड्यात नुसती गाठ नसते. मधून मधून रक्तवाहिन्या असतात. त्यांच्या भिंती निरोगी, त्यांत ते एन्झाइम असतंच. म्हणून त्या तपकिरी दिसायलाच हव्यात. पट्टी बघताना आधी वाहिन्या बघायच्या, मग गाठ. नवीन येणारीला मी हे पहिल्या दिवशी शिकवते. आज मी आधी गाठ बघितली."

"मग?"

"जेवल्यावर पुन्हा बघितली. वाहिन्याही निळ्या. म्हणजे रंगच चढला नव्हता. ती पट्टी काहीच सांगत नाही."

रंगवण्याआधी पट्ट्या कुकरमध्ये उकळाव्या लागतात, कुकर अगदी आपल्या घरातल्यासारखाच. दाब नीट धरला नाही तर रंग आत पोचत नाही. कुकरचं रबर सैल झालं होतं, बाजूनं वाफ निसटत होती. "एरवी मला नुसत्या आवाजावरून कळतं. आज कान ठिकाणावर नव्हते. मनात एकच, निळं येऊ दे, निळं येऊ दे."

तीच प्रार्थना. दोन घरची आम्ही, मागणं एकच.

पण त्या क्षणी मला त्यांचा रागच आला. म्हणाले, "एवढं निळं आलंच होतं, तर..."

पुढचं गिळलं. त्यांना ते ऐकू गेलं.

"तर काय, वहिनी? डॉक्टरांच्याही नजरेतून सुटलं असतं तर? दादांनी आरामात घरी बसून गोळ्या घेतल्या असत्या. गाठीनं प्रत्येक डाग पुसला असता आणि ती वाढली असती. दोन महिन्यांनी कळलं असतं, आणि तेव्हा मुखवटा घालायलाही उशीर झाला असता. हे हवं होतं तुला?"

मी स्वयंपाकघरात गेले. घासलेलीच भांडी पुन्हा घासली, जरा जास्तच आवाज करून. बाहेर आले तर त्या तशाच उभ्या.

"पट्टी बाद करून आलेय. चूक माझी, असं लिहून दिलंय. रबर बदललं. उद्या नवे काप." मग खालच्या आवाजात विचारलं, "दादांना सांगितलंस ना?"

मी मान हलवली.

"वाटलंच मला. चल. फोनवर नाही सांगायचं. आणि मी सांगणार, तू नाही."

दादाचं घर दोन गल्ल्या पलीकडे, चालतच गेलो. चारच्या सुमाराला पोचलो तेव्हा दादा गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गच्चीत बसला होता. वन्संनी सगळं सांगितलं, कुकरसुद्धा. कुठेही स्वतःला सावरून घेतलं नाही. भावजयीनं पदर तोंडाला लावला. दादानं खुर्ची वन्संकडे वळवली.

"तुमचा अंदाज काय?"

"सांगणार नाही. एकदा सांगून बघितलं."

दादा खो-खो हसला. शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा.

शुक्रवारी निकाल आला, या खेपेला डॉक्टरांच्या तोंडून. वाहिन्या तपकिरी, आणि गाठही तपकिरी, गच्च. गोळ्यांचा उपयोग नाही, किरणंच द्यायची.

"म्हणजे मेकॅनिक एक नंबरचा," दादा म्हणाला, "गाडी चोराची."

सोमवारी पहिला दिवस होता. बाकावर आम्ही तिघं बसलो होतो, दादा मध्ये. आतून हाक आली. दादा उठला, चष्मा काढून माझ्या हातात दिला.

"त्या बुधवारी मी किती वेळ बरा होतो गं?"

मी हिशेब केला. "अकरा ते चार. पाच तास."

वन्संनी मान खाली घातली. "दादा, त्या पाच तासांबद्दल मला..."

"छे, छे. बरे गेले ते," दादा म्हणाला, आणि भिंतीला हात लावत आपला आपण आत गेला.