चाचांचा कोपरा

"पयले कोपरा पाहा," असे म्हणून चाचा पेन्सिलीचे टोक नकाशाच्या कोपऱ्यावर टेकवत आणि मगच मोजणीला आरंभ करत. दारव्ह्यातील एका बांधकाम कार्यालयात ते अंदाजपत्रके तयार करत. म्हणजे नकाशावरून वीटकाम, काँक्रीट, लोखंड किती लागेल ते काढत. नकाशापुढे इतक्या अदबीने बसणारी माणसे तुमच्याही पाहण्यात आली असतील.

मी तंत्रनिकेतनात शिकवत असे. त्या कार्यालयात नवे सॉफ्टवेअर आले, तेव्हा ते शिकवायला मला बोलावले गेले. मालकांनी माझ्यासमोरच सांगून टाकले, "चाचा, दिवाळीपासून सगळं यातूनच. नाई जमलं तं साइटवर जा लागन."

चाचांचे गुडघे पार गेलेले. साइट म्हणजे त्यांच्यासाठी घरी बसणेच होते.

"साइटवर तुमी जा, शेठ. हे खुर्ची माही हाय," चाचा म्हणाले.

ते माउस पेन्सिलीसारखा चिमटीत धरत. पडद्यावरची इंग्रजी नावे उर्दूत लिहून त्यांनी भिंतीवर चिकटवली. वीज गेली की भरलेले काम पुसले जाई. मी हळहळलो, तर म्हणत, "लाइट गेली. मी तं नाई गेलो ना?"

खरी अडचण विश्वासाची होती. प्रत्येक काम ते हातानेही करून पाहत, आणि यंत्राचे वीटकाम नेहमी कमी भरे.

"मशीन इटा खाऊन राह्यलं, सर."

"चाचा, यंत्राला भूक नसते."

"मंग काहून कमी येते?"

तेव्हा एका शाळेचे काम चालू होते. एकदा त्यांना तिची एकच खोली भरायला सांगून मी शेजारी बसलो. दोन भिंती मिळतात तो कोपरा दोनदा मोजला जाऊ नये, म्हणून हाताने मोजताना एक भिंत पूर्ण धरतात आणि दुसरीतून कोपरा वजा करतात. सॉफ्टवेअर ही वजाबाकी स्वतःच करते. चाचा मात्र सवयीने भिंत आधीच आखूड करून भरत होते. दोघेही तोच कोपरा कापत होते.

मी दाखवले. चाचांनी पडद्यावरच्या भिंतीची लांबी पेन्सिलीने पुन्हा मोजली.

"म्हणजे इटा खाणारा मीच!"

"तेवढ्याच भिंती दुरुस्त करू," मी म्हणालो.

"नाई. अख्खी शाळा पुसा. पुन्हा भरतो." मग कानावरची पेन्सिल काढून त्यांनी माझ्या हाती दिली. "हे तुमच्यापाशी ठेवा. हातात असली का वजा करते."

दिवाळीच्या तोंडावर शाळेची दोन्ही उत्तरे जुळली. पुढचा नकाशा मालकांनी चाचांच्या टेबलावर ठेवला. चाचांनी पेन्सिल परत मागितली आणि तिचे टोक अलगद पडद्याच्या कोपऱ्यावर टेकवले.

पुढे किती तरी अंदाजपत्रके त्यांनी त्याच खुर्चीत बसून केली. गेले ते स्वतः ठरवून, मारेगावला मुलीकडे.

आता तिथे एक तरुण अभियंता बसते. रोज सकाळी ती पडदा पुसते. डाव्या कोपऱ्यातले बारीक ओरखडे मात्र जात नाहीत.