डंपाखालचा आवाज

झाडता झाडता ती मधेच थांबायची. झाडू एका हातात, दुसऱ्या हाताचा पंजा आपल्याकडे रोखलेला, आणि हलक्या पण दटावणाऱ्या आवाजात दोन शब्द: "गप. आयका."

वर्गातली सगळी पोरं एका क्षणात चिडीचूप व्हायची. मी छडी आपटून होत नसत तशी.

मी पेडण्याची. डिचोली तालुक्यातल्या एका खाणगावच्या मराठी शाळेत माझी बदली झाली तेव्हा गोव्यात भाषेवरून रान पेटलेलं होतं आणि वेगळं राज्य होणार अशी बोलणी चालली होती. शाळेच्या मागच्या भिंतीला लागूनच खाणीतल्या टाकाऊ मातीचा डोंगर उभा होता. त्याला सगळे डंप म्हणत. पावसात तो लाल होऊन आमच्या व्हरांड्यात उतरायचा आणि ती तो खरवडून काढायची. ती शाळेची शिपाईण. मुलं तिला मावशी म्हणत. मूळची दोडामार्गाकडची, नवऱ्याला खाणीत काम मिळालं म्हणून इकडे आलेली.

पहिल्याच दिवशी हेडमास्तरांनी मला सावध केलं. "तिच्याकडे लक्ष देऊ नका, बाई. नवरा डंपाखाली गाडला गेला असं म्हणते. खरं तर तो मुंबईला पळाला." चहाचा घोट घेऊन ते पुढे वाकले आणि आवाज उतरवून म्हणाले, "पण आवाज येतो हं. जागेवर देवचार आहे, राखणदार भूत."

एकाच माणसाने एकाच कपात ही दोन्ही वाक्यं बुडवली. म्हणजे आवाज खरा, आणि बाई मात्र खोटी! मला तिथेच राग आला. तो अजून उतरलेला नाही.

तिने मला सगळं सांगितलं ते रडत नाही, भांडत. जणू खाणीचा मुकादम मीच होते. नवरा खाणीच्या खड्ड्यातलं पाणी उपसणाऱ्या पंपावर होता. दोन पावसाळ्यांपूर्वी दुपारच्या वेळी डंपाची कड सुटली आणि पंपाच्या पत्र्याच्या शेडीवर बसली. ही धावत गेली. मातीवर पालथी पडून कान लावला.

"वाजयत होतो, बाई. लोखंडार लोखंड. जितो होतो तो! मुकादमाक हाताक धरून हाडलंय. म्हटलंय, उकरा."

"मग?"

"त्याणां कान लायलो. म्हणालो, पाणी मुरता."

दुसऱ्या दिवशीही वाजत होतं, असं ती म्हणे. आणखी काही कामगारांनीही ऐकलं. पण उकरायचं तर काम बंद करायला हवं, आणि मुरगाव बंदरात बोट मालासाठी थांबलेली. शेडीत कोणी नव्हतंच, असं ठरलं. नवरा आदल्या दिवसापासून गैरहजर होता, असंही ठरलं. मग घसरलेली कड 'सुरक्षित' करण्यासाठी तिच्यावर आणखी माती टाकली. ट्रकच्या ट्रक.

नीट ऐका, देवचाराची गोष्ट त्यानंतरच सुरू झाली. गावात जुनी माणसं होती, त्यांना विचारलं तर त्या जागी पूर्वी कधी देवचार नव्हता. ज्यांनी आवाज ऐकला आणि फावडं उचललं नाही, त्यांनीच तो आणून बसवला. भुताच्या गोष्टीचं हे बरं असतं, अंगावर काटा येतो आणि हात झटकले जातात.

कंपनीलाही ती गोष्ट मानवली. कंपनीने खर्च करून डंपाच्या पायथ्याशी देवचाराला गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, घातलं. नारळ, कोंबडा, सगळं साग्रसंगीत. "बा देवा राखणदारा," अशी सुरुवात झाली, एवढ्यात ही झाडू घेऊन गर्दीत घुसली. मी शाळेच्या पायरीवरून पाहत होते. तिने मांडलेले नारळ पायाने उडवले.

"देवाचा नाव घेव नकात!" ती ओरडली. "देवचारान नाय पुरलो त्याका. तुमी पुरलो. तुमी!"

बायकांनी तिला ओढत नेलं. संध्याकाळपर्यंत गावात झालं की तिच्या अंगात देवचार आला होता.

मला रहस्यकथांचा नाद. डिचोलीच्या वाचनालयातून दर शनिवारी पुस्तक आणायचे आणि मधल्या सुट्टीत वाचायचे. वेष्टनावर रक्ताळलेला सुरा वगैरे. ती एकदा ते निरखत म्हणाली, "ह्येच्यात शेवटाक खुनी गावता?"

"सापडतो."

"सगळ्या पुस्तकांत?"

"सगळ्या."

"बरा आसा," ती म्हणाली आणि पुस्तकाखालची धूळ पुसून ते होतं तसं ठेवलं.

म्हापशाहून एक गृहस्थ आले होते. 'सत्य अनुभव' गोळा करून दिवाळी अंकाला देत. त्यांनी तिला विचारलं, आवाज अमावास्येला वाढतो का? कुत्री रडतात का? तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माज्या घोवाचा नाव लिवतालास?" ते म्हणाले, नावाची गरज नसते, गूढ राहिलेलं बरं. तिने त्यांच्या पायावर चिखलाची बादली ओतली. मी हेडमास्तरांना सांगितलं, हात घसरला असेल.

आता माझा अनुभव. तोही सांगायलाच हवा, नाहीतर मीही त्या मुकादमासारखीच. एका दुपारी पोरं जेवायला घरी गेली होती. ट्रक उभे होते. तिने माझं मनगट धरलं आणि माझा तळवा मागच्या भिंतीवर दाबला. भिंत गार होती. आधी काहीच नाही. मग तळव्याला कळलं, टक, टक. थोडी उसंत. पुन्हा टक. कानांनी नंतर ऐकलं. पाणी असं थांबून थांबून वाजत नाही. कड सुटली त्याला तोवर दोन वर्षं उलटली होती. हे कसं होतं ते मला तेव्हा कळलं नाही, आजही कळलेलं नाही. मी हात काढला तर ती म्हणाली, "घाबरलास? माणूस आसा तो. भूत म्हणा नकात."

राज्य झालं तेव्हा शाळेत साखर वाटली. तिने हातावरची साखर तशीच मुठीत धरून विचारलं, "आता तरी उकरतले?"

उकरलं, पण तिच्यासाठी नव्हे. ट्रकांना नवा रस्ता हवा होता म्हणून डंपाचा पायथा कापायला घेतला. ती जाऊन यंत्रासमोर उभी राहिली. लोकांना वाटलं अडवतेय. ती जागा दाखवत होती. "हय. सावकाश." यंत्रावरचा माणूस सावंतवाडीकडचा होता. त्याने मुकादमाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि यंत्र बंद करून स्वतः कुदळ घेऊन उतरला. हळूहळू बाकीचेही उतरले.

शेडीचे पत्रे दुमडून खाली पोकळी राहिली होती. आत तो होता, भिंतीला टेकून बसल्यासारखा. मांडीवर हातभर लोखंडी पाइप. पाइपाचं एक टोक ठोकून ठोकून फुलासारखं फाटलं होतं. ते एका दिवसाचं काम नव्हतं. किती दिवसांचं, याचा हिशोब तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाने मनात केला आणि मान खाली घातली. ती तेवढी ताठ उभी होती. तिने एकेकाचं तोंड पाहिलं.

मुंबईला पळालेला नवरा असा परत आला. कंपनीने कळवलं, तो परवानगीशिवाय शेडीत गेला होता. मुकादमाची दुसऱ्या खाणीवर बढतीने बदली झाली. पाइप पोलिसांनी नेला. ती रोज शाळा झाडून झाली की ठाण्याच्या दारात जाऊन बसायची, तो मिळेपर्यंत. मिळाल्यावर शाळा सोडली.

मी तिला डिचोलीच्या स्टँडवर पोचवायला गेले. दोडामार्गाच्या बसमध्ये ती पाइप मांडीवर घेऊन बसली. कंडक्टर तिकीट फाडता फाडता थबकला. त्याला ओळख पटली असावी. खाली वाकून, डोळे मोठे करून त्याने विचारलं, "गे बाय, अजून येता तो आवाज?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग उठली आणि बसमधून खाली उतरली.

"अगो, दुसरी बस उशिरा आहे," मी म्हणाले.

"माका नको बस."

पदर डोक्यावर घेऊन ती दोडामार्गाच्या रस्त्याला लागली. पाइप खांद्यावर. समोरून खनिजाचे ट्रक येत होते, एकामागून एक, नेहमीसारखेच भरधाव. ती रस्त्याच्या मधोमध चालत राहिली. पहिला ट्रक हळू झाला आणि हॉर्न न वाजवता कडेच्या मातीत उतरला. मग त्याच्या मागचा.