संत्र्यांच्या पेट्यांवरची गाडी
परवा शेजाऱ्यांकडे संत्र्यांची लाकडी पेटी उघडताना फळी करकरली आणि मी बसल्या जागी पाय पोटाशी ओढले. काही वर्षांपूर्वी सासऱ्यांची जुनी मोटार मी अंगणात स्वतःच दुरुस्त करायला काढली होती. खर्च वाचवायचा म्हणून जॅकच्या जोडीला लोखंडी स्टँडऐवजी कळमन्याच्या फळबाजारातून आणलेल्या संत्र्यांच्या रिकाम्या पेट्या लावल्या आणि स्वतःच्या अकलेवर खूश झालो. मागचं चाक काढलेलं, मी तापलेल्या फरशीवर पाठ टेकून गाडीखाली, नाकाशी ब्रेक ऑइलचा वास, आणि बायको ड्रायव्हरच्या सीटवर. पाइपातली हवा काढायला मी सांगेन तेव्हा तिने ब्रेक दाबायचा होता. तेवढ्यात जॅक बसला, गाडी पेट्यांवर आली आणि कानाजवळची फळी करकरत वाकू लागली. ओरडलो असतो तर ती घाबरून उतरली असती, आणि त्या हिसक्याने गाडी माझ्या छातीवर आली असती. "अहो, दाबू काय आता?" "नको. अशीच बसून राह्य बरं, माझी राणी," मी म्हणालो आणि टाचा रेटत इंच इंच बाहेर सरकलो. मी बाहेर निघालो न निघालो तोच गाडी पेट्यांचा भुगा करत खाली आदळली. बायको स्टिअरिंग आवळून पांढरीफटक बसली होती. "काहीतरी मोडून राहिलं हे मले तेव्हाच समजलं," ती म्हणाली, "इतकं गोड तुम्ही लग्नापासून बोलले नाही." गाडी आजही चालते. फक्त मी प्रेमाने हाक मारली, की बायको आहे तिथेच थिजते आणि विचारते, "कुठं अडकले?"