झाडाखालची देवी

सासूबाई आमच्याकडे जर्मनीला आल्या ते दोन हजार सहाचं साल. मी तेव्हा र्युसेल्सहाइमला इंजिनिअर म्हणून काम करत होते. एका शनिवारी त्यांना जवळच्या शहरातल्या संग्रहालयात घेऊन गेले. रोमन नाण्यांच्या दालनात एका काचेसमोर त्या थबकल्या आणि त्यांचा हात गळ्याकडे गेला.

"अगं, ही तर आपली देवी."

काचेमागच्या सोन्याच्या नाण्यावर खजुराच्या झाडाखाली एक बाई बसली होती, डोकं हातावर टेकवून. सासूबाईंच्या गळ्यातल्या पदकावरही तीच. ते पदक त्यांना लग्नात त्यांच्या आजीने दिलेलं. चाळीस वर्षं रोज अंघोळ झाली की त्या तिला हळद-कुंकू लावत.

सासूबाईंचं पदक पाहून तिथल्या तज्ज्ञ बाई जवळ आल्या. विचारून त्यांनी पदक हातात घेतलं, भिंगातून पाहिलं आणि बाकावर बसल्याच.

"हे पदक म्हणजे अस्सल रोमन नाणंच आहे," त्या जर्मनमध्ये म्हणाल्या. "मिरी न्यायला रोमन जहाजं तुमच्याकडे सोनं घेऊन यायची. तसंच आलं असेल."

"आणि ही कोण?" मी विचारलं.

"कैदी. जिंकलेला देश ते असा रडणाऱ्या बाईच्या रूपात दाखवत. दुसऱ्या बाजूला सम्राट आहे. त्यानंच जिंकलं."



"काय म्हणतायत त्या?" सासूबाईंनी विचारलं.

देवीच आहे म्हणून सांगावं, असं क्षणभर वाटलं. पण त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी सगळं सांगितलं.

त्यांनी पदक उलटं केलं. जाड मानेचा, डोक्यावर पानांची माळ घातलेला पुरुष.

"हा इतकी वर्षं माझ्या छातीला लागून होता," एवढंच म्हणाल्या.

तज्ज्ञ बाईंनी खाचांतलं कुंकू काढून द्यायची तयारी दाखवली. सासूबाईंनी मान हलवली. "नको म्हणावं. ते तिला लावलेलं आहे."

परतीच्या ट्रेनमध्ये पदक रुमालात बांधून त्यांनी मुठीत धरलं होतं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून त्यांनी राजाच्या चेहऱ्यावर मेणबत्तीचं मेण लिंपलं. बाईला कुंकू लावून तिला आमच्या छोट्या देव्हाऱ्यात ठेवलं. पुण्याला परत जाईपर्यंत हे कुंकू लावणं रोज चाललं. पदक पुन्हा गळ्यात आलं नाही, आणि देवी हा शब्दही त्यांनी तिच्यासाठी परत वापरला नाही.