आधी रक्त कोण देणार?

आमच्या घरात चार माणसं बसली की किस्सा होतोच, अन् आजारपण निघालं की दोन होतात! आई स्तनाच्या कॅन्सरने गेली. मग ताईला झाला. ताई बरी झाली, पण तिच्या जीन टेस्टमध्ये आईकडून आलेला दोष निघाला. डॉक्टर म्हणाले, "तो तुम्हा भावंडांतही असू शकतो. टेस्ट करायची का, तुम्हीच ठरवा."

आम्ही ठरवायचं! आमचं साधं लग्नातल्या भाजीवर तीन दिवस एकमत होत नाही.

*

डॉक्टरांनी घरातल्या आजारांची यादी मागितली. आमचा दादा जिंतूरला तहसीलमध्ये क्लार्क. त्याने तीन पानं भरली. ताई वाचून म्हणाली, "पालमच्या मामाला बैलानं मारलं, ते कशाला लिहिलंस रे?"

"रेकॉर्ड पूर्ण पायजे!"

खाली दोन साक्षीदारांच्या सह्याही होत्या.

*

टेस्ट फक्त रक्ताच्या नात्यात करतात, हे काकूला सांगायला मी गेले. काकू म्हणजे आमच्या चुलत्यांची बायको. ती जी उखडली!

"चाळीस वर्सं तुझ्या मायसंगं एका चुलीवर जेवले, अन् आता मी परकी? माझं बी रक्त घ्या!"

दोन दिवस तिने आमच्याकडचा चहा घेतला नाही.

*

दादा म्हणायचा, "आमा गडीमाणसांना काय होतंय?" ताईने सुनावलं, "तुला होवो न होवो, तुज्या दोन पोरींत उतरू शकतंय." तेव्हापासून तो विषय निघाला की त्याला ऑफिसची फाईल आठवायची.

शेवटी ताईने ग्रुपवर मतदान ठेवलं: आधी कोण? दादाने माझं नाव टाकलं, मी दादाचं. काकूने स्वतःचं!

*

खरं सांगते, मला लय भीती वाटत होती. कळलं तर काय करायचं, अन् नाही कळलं तर झोप कशी लागायची? मी शाळेत शिक्षिका, तेव्हा "ट्रेनिंग आहे" असं ग्रुपवर सांगून गुरुवारी एकटीच एसटीने परभणीला गेले. दादा त्या दिवशी सकाळीच "येलदरी धरणावर मासे आणायला जातो" म्हणून गेला होता.

लॅबमध्ये शिरले, तर समोर दादाची पाठ!

खुर्च्या सगळ्या भरलेल्या. फक्त त्याच्या शेजारच्या खुर्चीवर, एसटीत टाकतात तसा, त्याचा रुमाल. एक माणूस तो उचलून बसायला गेला.

"ओ भाऊ, तितं नका बसू," दादा म्हणाला. "माजी बहीण यायलीय."