टोकाचं टोपण

सुंदराबाईंशी पहिल्यांदा बोलणारा माणूस जरा गोंधळायचाच. त्याचं बोलून झालं तरी बाई लगेच तोंड उघडत नसत. क्षणभर थांबायच्या, याचं खरंच संपलंय ना ते बघायच्या, आणि मग बोलायच्या. खोपोलीच्या त्या कागद कारखान्यात नव्यानं आलेल्या माणसाला वाटायचं, बाईंना ऐकू कमी येतंय. वास्तविक त्या अख्ख्या कारखान्यात ऐकणारं माणूस म्हणाल तर त्या एकट्याच. बाकी सगळे बोलणारे.

ही सवय भिवपुरीची. वडील कान्हा तिथल्या वीजघरात कामाला होते. पंचावन्न-छपन्न सालची गोष्ट असेल. डोंगरावर पाण्याच्या पाइपांवर नजर ठेवायला चौक्या होत्या, आणि सगळ्या चौक्यांत मिळून टेलिफोनची तार एकच. कुणीही फोनची मूठ फिरवली की घंटा सगळीकडे वाजायची. दोन आखूड आणि एक लांब म्हणजे वरची चौकी, तीन आखूड म्हणजे खालचं वीजघर. ऐकायची सगळ्यांनी, उचलायचा ज्याची खूण असेल त्यानंच. बोलायचं असलं तर रिसीव्हर कानाला लावून आधी तार मोकळी आहे का ते ऐकायचं. आणि दोघांनी एकदमच सुरुवात केली तर दोघांनी गप्प व्हायचं. लहानगी सुंदरा फोनकडे झेपावली की कान्हा म्हणायचे, "आधी आयक गं. तार समद्यांची हाय."

लग्न होऊन ती खोपोलीला आली आणि कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर झाली. वीस वर्षं बोर्डावर बसून तिनं सगळ्या खात्यांना एकमेकांशी जोडून दिलं. मग अठ्ठ्याऐंशी साली आपोआप नंबर लावणारं एक्स्चेंज आलं. बोर्ड भंगारात गेला, आणि खुर्चीही त्याच्या मागोमाग जाणार हे उघड होतं.

पण मॅनेजर टिपणीससाहेब डोक्यानं वेगळे. त्याच सुमारास त्यांनी वजनकाटा, स्टोअर, डिस्पॅच आणि अकाउंट्स अशा चार ठिकाणी कॉम्प्युटर मांडले आणि सगळे एकाच जाड पिवळ्या वायरीला जोडून घेतले. या जाळ्यावर लक्ष ठेवायला माणूस हवा होता. साहेबांनी बाईंना बोलावलं. म्हणाले, "मुंबईच्या हेड ऑफिसनं दसऱ्यापर्यंत मुदत दिलीय. दसऱ्यानंतर ते स्वतः येऊन बघणार. चाललं तर जाळं राहील आणि तुम्हीही राहाल. नाही चाललं तर वायर निघेल, आणि तुम्हाला कँटीनच्या कूपन-खिडकीवर बसावं लागेल. माझ्या हातात मग काही नाही." बाई थोड्या थांबल्या आणि हो म्हणाल्या.

वर्कशॉपमध्ये यावर हशा पिकला. तिथले फोरमन चांगोदादा कुंभिवलीचे, हातात जादू असलेला माणूस. बिघडलेला पंप नुसत्या आवाजावरून ओळखायचे. पण स्वतःच्या आवाजाला बांध नव्हता. आयुष्य यंत्रांच्या खडखडाटात गेलेलं, त्यामुळे दादा ओरडूनच बोलायचे, आणि दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देणं त्यांना माहीतच नव्हतं. "फोनवाली बाय आता कॉम्प्युटर हाकणार काय रं!" ते म्हणाले, आणि बाई काही उत्तर देतील त्याच्या आत पुढच्या कामाला लागले.

वायर बसवायला मुंबईचा पिंटो नावाचा इंजिनीयर आला होता. त्यानं स्टुलावर बसून बाईंना सगळं समजावलं. वायर एकच, आणि त्यावर निघालेला निरोप प्रत्येक मशीनपर्यंत पोचतो. निरोपाच्या तोंडाशी पत्ता असतो. ज्याचा पत्ता ते मशीन निरोप घेतं, बाकीची सोडून देतात. निरोप धाडण्याआधी मशीन ऐकतं. वायर मोकळी असली तरच बोलतं. दोघांनी एकाच वेळी सुरुवात केली तर दोन्ही निरोपांचा चोथा होतो. ते मशीनांना कळतं आणि दोघंही थांबतात. पण सारखाच वेळ थांबली तर पुन्हा आदळणार. म्हणून प्रत्येक मशीन आपापली चिठ्ठी काढल्यासारखं करतं, आणि चिठ्ठीत निघेल तेवढं थांबतं. पुन्हा टक्कर झालीच तर चिठ्ठ्यांचा ढीग मोठा करायचा, म्हणजे दोघांची वेळ एकच निघणं कठीण.

"अहो, ही तर आमची भिवपुरीची तार!" बाई म्हणाल्या आणि इतक्या मोकळ्या हसल्या की पिंटोही हसला.

"एक गोष्ट मात्र तुमच्या तारेवर नसणार," तो म्हणाला आणि वायरीच्या टोकाला बसवलेलं चकचकीत धातूचं टोपण दाखवलं. वायरीतून निघालेला निरोप टोकाला पोचला की हे टोपण तो गिळून टाकतं. टोपण नसेल तर निरोप उघड्या टोकावर आपटून माघारी येतो, घाटात हाक मारली की आपलीच हाक परत येते तसा. मशीनला वाटतं, कुणीतरी दुसरं मध्येच बोलतंय. मग ते थांबतं, पुन्हा बोलतं, पुन्हा तेच. बाईंनी हे नीट ध्यानात ठेवलं. पण वायरीचं दुसरं टोक होतं वर्कशॉपच्या भिंतीवर. उद्या तिथंही मशीन द्यायचं म्हणून वायर तिथवर नेलेली होती. तिथल्या टोपणाबद्दल वर्कशॉपला कुणी काही सांगितलं नाही. पिंटोनं नाही आणि बाईंनीही नाही.

जाळं छान चाललं. काट्यावर ट्रक चढला की वजन तिकडे डिस्पॅचला दिसायचं. बाई दिवसातून दोनदा चारही मशीनांकडे फिरायच्या आणि पंख्याच्या आवाजावरूनसुद्धा कुरबूर ओळखायच्या.

खंडेनवमी आली. या कारखान्यात तिचा मान मोठा. वर्कशॉपमध्ये पाने, हातोडे, कानशी, मोजपट्ट्या धुऊनपुसून पाटावर मांडायच्या, झेंडू आणि भाताच्या लोंब्या वाहायच्या. दसऱ्याची सुट्टी संपून कारखाना उघडेपर्यंत त्या हत्यारांना हात लावायचा नाही. मग सगळ्यांत जुन्या माणसानं, म्हणजे चांगोदादांनी, नारळ फोडून पहिलं हत्यार उचलायचं, आणि मगच यंत्रांचे पट्टे फिरायचे.

सुट्टीनंतर कारखाना उघडायच्या सकाळी हेड ऑफिसचे साहेब दारात हजर झाले आणि चारही मशीनं मुकी. आधी बाईंना उंदरांचा संशय आला. स्टोअरमागची वायर हातानं चाचपून बघितली, ती धड होती. मग मशीनं बंद करून पुन्हा चालू केली, त्यानंही काही झालं नाही. त्यात बराच वेळ गेला. टिपणीससाहेब पाहुण्यांना चहावर चहा पाजत होते. शेवटी बाईंनी वायरीच्या एका टोकाला सुरुवात केली आणि मान वर करून तिच्याबरोबर चालत निघाल्या, अकाउंट्स, डिस्पॅच, काटा, स्टोअर, थेट वर्कशॉपच्या भिंतीपर्यंत. तिथं वायरीचं टोक उघडं होतं, आणि शेजारी भिंतीवर हळदकुंकवाचं बोट उमटलं होतं.

त्यांनी पाटाकडे पाहिलं. पान्यांच्या आणि हातोड्यांच्या मधोमध ते टोपण होतं, माथ्यावर झेंडूचं फूल घेऊन. नवीन मशीनचंही हत्यार पूजेत हवं, असं कुणाच्या तरी भाबड्या मनात आलं असणार. आणि वायरीच्या टोकाला रिकामं लटकणारं, सहज फिरवून निघणारं ते एवढंच होतं. हे मन कुणाचं, हे ओळखायला बाईंना वेळ लागला नाही. नारळ घेऊन पाटाशी उभ्या असलेल्या चांगोदादांनी नजर खाली घातली होती.

तेवढ्यात मागून साहेब मंडळी आलीच. "सापडलं?" टिपणीससाहेबांनी विचारलं. बाईंनी पाटाकडे बोट केलं. हेड ऑफिसच्या साहेबांचा आवाज चढला. "हे इथं कुणी काढून ठेवलं?" त्या आवाजावरून सगळ्यांना कळलं, की जो कोणी असेल तो आजच घरी जाणार.

"मी..."

"मी..."

दोघं एकदम बोलले, बाई आणि दादा. आणि दोघंही एकदम थांबले.

बाई तो दोष स्वतःवर घेणार होत्या. दादांना न सांगणं ही आपली चूक, असं त्यांना मनापासून वाटत होतं. कूपन-खिडकी त्यांना समोर दिसत होती, तरी त्या तोंड उघडणारच होत्या. पण वीस वर्षांत ज्यानं कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही, तो माणूस आज तोंड उघडं ठेवून थांबला होता, त्यांच्यासाठी.

"तू बोल, बाय," चांगोदादा म्हणाले. इतक्या हळू आवाजात त्यांना कुणी ऐकलंच नव्हतं.

बाई थोड्या थांबल्या. "नाय दादा. तार मोकळी हाय. तुमी बोला."

"मी काढलं, साहेब. पूजेला हवं म्हनून काढलं. बायचा काय बी दोष नाय. तिचं काम चोख हाय, मी रोज बघतोय."

मग त्यांनी नारळ फोडला. सगळ्यांना वाटलं, दरसालप्रमाणे हातोडा उचलतील. त्यांनी टोपण उचललं, फूल बाजूला ठेवून सदऱ्याला पुसलं आणि बाईंच्या हातावर ठेवलं. बाईंनी ते वायरीच्या टोकाला घट्ट फिरवलं. जरा वेळानं काट्यावरून कुणीतरी ओरडलं, की वजन डिस्पॅचला गेलं!

जाळं राहिलं आणि बाई राहिल्या. दादांना कुणी घरी धाडलं नाही. टिपणीससाहेब पाहुण्यांना एवढंच म्हणाले, की जी गोष्ट विचारल्यावर लगेच कबूल होते तिला मी शिक्षा देत नाही, आणि पाहुण्यांना ते पटलं.

पुढच्या खंडेनवमीला दादांनी हत्यारं पाटावर मांडली, आणि मग हळदकुंकवाचं तबक घेऊन भिंतीपाशी गेले. टोपणाला जागच्या जागीच बोट लावलं, फूल वायरीत खोचलं. बाई शेजारी उभ्या होत्या. दादांच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, पण त्यांनी आधी वळून बघितलं, बाईंना काही म्हणायचंय का.